टाळीसाठी सोडलेली जागा

रिसोडची टाळी उशिरा येते, पण एकदा आली की लवकर उठत नाही. जेवून झालेल्या पाहुण्यासारखी. सव्वीस वर्षं मी त्या टाळीवर जगलो, म्हणून सांगतो. वाक्य टाकलं की रिसोडचा प्रेक्षक आधी शेजाऱ्याकडे बघतो, शेजारी पुढच्याच्या मानेकडे बघतो, आणि मग सगळ्यांची एकदमच खात्री पटते की वाक्य चांगलं होतं. तोपर्यंत नटानं काय करायचं? थांबायचं. हात वर असेल तर वरच ठेवायचा, नजर शेवटच्या रांगेच्याही मागे, भज्यांच्या गाडीवर लावायची आणि मनात मोजायचं. रिसोडला टाळी येऊन उतरेपर्यंत सात. कारंज्याला चार पुरतात. झाडीपट्टीत मी दरवर्षी दिवाळी ते होळी पोटासाठी जायचो, तिथे मोजावंच लागत नाही. तिथले लोक वाक्य संपायच्या आधीच सुरू होतात.

नव्या नटांना हे सांगितलं की ते हसायचे. त्यांना वाटायचं, नाटक म्हणजे बोलणं. बोलणं कोणालाही येतं. आमच्या गल्लीत तर न बोलणारा माणूस दाखवा आणि बक्षीस मिळवा. थांबणं शिकायला मात्र मला दहा वर्षं लागली. टाळी येणार की नाही हे ठाऊक नसताना, ती येणारच अशा तोऱ्यात उभं राहायचं. नाहीच आली तर त्या तोऱ्याचं दुःखात रूपांतर करायचं, म्हणजे लोकांना वाटतं राजा विचारात पडला. मी असा पुष्कळ वेळा विचारात पडलेलो आहे.

मी जऊळक्याचा. आमचं घर स्टेशनाला इतकं लागून की मालगाडी आली की घरातलं भांडण अर्ध्यावर थांबायचं आणि शेवटचा डबा गेला की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. मी थांबायचो नाही. मालगाडीच्या वर बोलायचो. तोच माझा रियाज, तीच माझी नाट्यशाळा. पुढे गावोगावी तीन अंकी नाटकं केली, कधी यात्रेत, कधी गणपतीत, कधी बाजार समितीच्या शेडमध्ये सोयाबीनच्या पोत्यांना टेकून बसलेल्या लोकांसमोर. चेहऱ्यानं मला वाशीम जिल्ह्यात कोणी ओळखत नाही, कारण चेहरा कायम दाढीमिशीखाली. पण एसटीत मी नुसतं 'सरका जरा' म्हणालो की दोन-तीन माना वळायच्या. कोणीतरी म्हणायचं, तो मागच्या साली मेला होता ना, तोच हा. एवढ्यावर मी खूश असायचो.

मग महानाट्य आलं. आमच्याकडे ते एका घोडेवाल्यानं आणलं. त्याच्याकडे चार घोडे होते, ते लग्नात नवरदेवासाठी द्यायचा. लग्नसराई संपली की घोडे रिकामे बसून खायचे. त्यांना काम लावावं म्हणून त्यानं नाटक काढलं. कलेची सेवा करणाऱ्या लोकांत इतका स्वच्छ हेतू मी दुसरा पाहिला नाही. मोकळ्या मैदानात कापडी किल्ला, तलवारी, मशाली, आणि ज्या गावात प्रयोग त्याच गावची साठ माणसं सैन्यात. आता साठ लोकांना पाठांतर कोण करून घेणार? म्हणून सगळे संवाद आधीच रेकॉर्ड करायचे, मोठ्या भोंग्यांवर वाजवायचे, आणि मैदानातल्या माणसांनी नुसते हात आणि ओठ हलवायचे. नाटक कोणत्या राजाचं ते मी सांगत नाही. राजांच्या वतीनं रागावणारे आजकाल फार झाले आहेत.

मालक माझ्या घरी आला. चहा पिऊन म्हणाला, "भाऊ, राजाचा आवाज तुमचाच पायजे. दुसरा चालतच नाही."

मला वाटलं, राजाही मीच. मी त्याच संध्याकाळी आरशासमोर मिशी लावून पाहिली. दोन दिवसांनी मालकानं माझ्या पोटाकडे बघून हळूच सांगितलं, "राजाले घोड्यावर बसा लागते भाऊ. घोडं माह्यं हाय, त्याचा बी विचार करा."

राजा म्हणून त्यानं वाशीमच्या व्यायामशाळेतला एक शिक्षक उचलला. खांदे असे की दारातून आडवं यावं लागायचं. स्वभावानं गाय. आवाज मात्र असा की फोनवर अनोळखी माणसं त्याला ताई म्हणायची. तो माझ्याकडे शिकायला यायचा, मला काका म्हणायचा, पाया पडायचा. माझ्या आवाजावर ओठ कसे हलवायचे ते मी त्याला शिकवलं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे जबडा आवळायचा. शिकवताना मजा वाटली. आपला कोट दुसऱ्याच्या अंगावर घालून, बाही जरा ओढ, कॉलर नीट कर, असं सांगावं तसं. कोट परत मिळणार नाही हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

रेकॉर्डिंग रिसोडला झालं. तिथे एका चाचांचं साउंडचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. निवडणूक असो, उरूस असो, बियाण्याची जाहिरात असो, रिक्षावर ओरडणारा आवाज चाचांच्या मागच्या खोलीतच तयार होतो. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि त्यावर गोधड्या. एप्रिल महिना, आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. मी बनियनवर उभा राहून राज्य करत होतो.

राजाचं एक मोठं वाक्य होतं: "हे सिंहासन मी बसण्यासाठी मागितलं नव्हतं, ज्यांना बसायला जागा नाही, त्यांच्यासाठी मागितलं होतं." लिहिणारानं ते टाळीसाठीच लिहिलं होतं आणि मी टाळीसाठीच म्हटलं. म्हटलं आणि थांबलो. हात वर, नजर समोरच्या गोधडीवर, जिथे भज्यांची गाडी असायला हवी होती. एक, दोन, तीन...

चाचांनी कानावरचा हेडफोन जरा सरकवला. "भाऊ, झोपले का काय?"

मी मोजणं संपवलं आणि म्हणालो, "टाळी सुरू होती."

चाचांनी खोलीभर पाहिलं. अंड्यांचे ट्रे, गोधड्या, कोपऱ्यात त्यांचा जुना अँप्लिफायर. "इथं कोन वाजवून राह्यलं?"

"वाजेल," मी म्हणालो.

असं मी चार ठिकाणी केलं. रेकॉर्डिंगच्या खोलीत प्रेक्षकांसाठी थांबणारा मी पहिलाच, असं चाचा नंतर सगळ्यांना सांगायचे. सिनेमातला माणूस ही चूक करणार नाही, रेडिओतला तर नाहीच. पण मी मुद्दाम केलं असंही नाही. टाळीची जागा सोडल्याशिवाय पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघतच नव्हतं. चाचा म्हणाले, ही खामोशी मी कापून टाकतो, दोन मिनिटांचं काम. मी म्हणालो, ही कापली तर बाकीचंही पुसा. चाचा हसले, खामोशी ठेवली.

त्या दिवसांत घसा खरखरत होता. मी धुळीवर ढकललं, मग थंड पाण्यावर, मग मालकाच्या घोड्यांवर. तंबाखूचं नाव घेतलं नाही, आमचे जुने संबंध. जूनमध्ये बायकोनं मला अकोल्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं नळी आत घालून पाहिलं आणि विचारलं, काय काम करता. मी म्हणालो, नट आहे. त्यानं परत विचारलं, म्हणजे काम काय करता. मी परत तेच सांगितलं. त्यानं कागदावर 'शेती' लिहिलं.

गाठ होती, आणि चांगली नव्हती. काढावी लागेल, लवकर काढली तर जीवाला धोका नाही, पण आवाज पहिल्यासारखा राहणार नाही, असं त्यानं समजावलं. मी विचारलं, किती राहील. तो म्हणाला, घरात बोलण्यापुरता राहील. जिना उतरताना बायको माझा हात धरून होती. अर्ध्या जिन्यात थांबून ती म्हणाली, "घरात तर तुमी कधी बोललेच नाही."

डॉक्टर शब्दाचा पक्का निघाला. जीव राहिला. आवाज असा झाला की सायकलच्या ट्यूबमधून हवा निसटावी. एसटीत 'सरका जरा' म्हणतो तेव्हा माना वळत नाहीत. हातानं खांदा हलवावा लागतो.

पहिला प्रयोग रिसोडलाच झाला. दिवस नुकताच मावळला होता, मैदान भरलं होतं. मी गळ्याला मफलर गुंडाळून मधल्या रांगेत बसलो. कापडी किल्ल्याच्या दारातून राजा घोड्यावर आला, घोड्याला त्याच्याहून जास्त सवय होती, आणि भोंग्यातून मी बोललो. अख्ख्या मैदानावर मी बोललो. मालगाडीच्या वर बोलणारा, गाठीच्या आधीचा मी. शेजारचा माणूस म्हणाला, काय आवाज आहे पठ्ठ्याचा. त्यानं घोड्यावरच्या खांद्यांकडे बोट दाखवलं. सिंहासनाचं वाक्य आलं. मी मोजायला लागलो. एक, दोन... शेजाऱ्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं. तीनवर टाळी फुटली आणि सातवर ती जराशी उतरली, आणि नेमकं तिथेच भोंग्यातलं माझं पुढचं वाक्य सुरू झालं. सुतारानं खाच पाडावी आणि फळी तिच्यात अलगद बसावी, तसं. चाचांनी साउंडच्या टेबलावरून मान उंचावून मला शोधलं आणि दोन बोटं कपाळाला लावली. मी रडलो. मफलर त्यासाठीही बरा असतो.

मला वाटलं, हे असंच चालेल. शरीर कोणाचं का असेना, टाळीची जागा माझी आहे.

तीन-चार गावांत टाळी पातळ झाली. मग येईनाशी झाली. कारण मला आधी कळेना. नाटक पडलं नव्हतं, लोक येत होते, घोडे छान पळत होते. कारंज्याला मी पुढे जाऊन मागे वळून पाहिलं आणि कळलं. सगळ्यांच्या हातात मोबाइल. राजा मोठं वाक्य म्हणणार हे संगीतावरून समजतं, की सगळे हात मोबाइल धरून वर जातात. आता टाळी कोणत्या हातानं वाजवणार? नाटक आवडलं म्हणूनच टाळी बंद झाली. ह्यावर काय इलाज करावा सांगा.

राजा हात वर करून उभा. एक, दोन, तीन, चार. भोंगा गप्प. घोडा शेपूट हलवतोय. पाचला मागून कोणीतरी ओरडलं की साउंड गेलं. सहाला हशा पिकला. त्या बिचाऱ्या पहिलवानाच्या कपाळावरून घाम वाहत होता. त्याला मी थांबण्यातला तोरा शिकवला होता, पण तोऱ्याचं दुःख कसं करायचं ते राहून गेलं होतं.

मालक भडकला. प्रयोगानंतर त्यानं चाचांना सांगितलं की उद्याच्या उद्या त्या रिकाम्या जागा कापा. मी मध्ये पडलो. माझ्या नव्या आवाजात विनवणी फार चांगली होते, मुद्दाम काही करावं लागत नाही. मी म्हणालो की टाळी मी आणून देतो. मालकाला कळेना. मी सांगितलं, लोकांत बसतो आणि सुरुवात करून देतो. एकानं सुरू केली की बाकीचे करतात.  मालकाला माझी दया आली असावी, घोडेवाल्यांना म्हाताऱ्या घोड्यांची येते तशी. म्हणाला, कामरगावच्या प्रयोगापर्यंत पाहतो.

अशा रीतीनं मी पुन्हा कामाला लागलो. माझ्या आवाजाला टाळी वाजवायच्या कामाला.

हे काम सोपं नाही, बरं का. पहिल्या रांगेत बसून उपयोग नाही. तिथे सरपंच आणि पाहुणे असतात, ते फक्त सत्काराला टाळ्या वाजवतात. शेवटी बसलात तर आवाज भज्यांच्या तेलात तळला जातो. मध्यावर बसायचं, बायका आणि पुरुष यांच्यामधल्या वाटेला लागून. पसरलेल्या हाताची टाळी फटाक्यासारखी फुटते आणि विझते. तळवे वाटीसारखे खोलगट करायचे, मग ती भरीव वाजते, चार जणांची वाटते. आणि तीनवर सुरू करायची, आधी नाही. आधी केली की लोक वळून बघतात. पहिल्या दोन गावांत जमलं. मोबाइल खाली आले, हात मोकळे झाले. तिसऱ्या गावात मी एकटाच वाजवत राहिलो आणि पुढच्या माणसानं मला बसल्या बसल्या सरकून जागा दिली. त्याला वाटलं, मी उठून जायला वाट मागतोय.

मग कामरगाव. मैदानाच्या मधोमध मी जागा धरली. शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली. तिच्याकडे मोबाइल नव्हता. लुगड्याच्या ओच्यात शेंगदाणे होते, त्यातले तिनं मला न विचारता दिले. नाटक सुरू झालं. तिचं लक्ष राजाकडे नव्हतं हे मला थोड्या वेळानं जाणवलं. तिनं डोळे मिटले होते आणि भोंग्याच्या दिशेनं मान कलती केली होती. कीर्तन ऐकतात तशी ती मला ऐकत होती.

सिंहासनाचं वाक्य आलं. हात वर गेले, मोबाइल वर गेले. एक, दोन, तीन. मी तळवे खोलगट केले आणि सुरुवात केली. चार टाळ्या झाल्या असतील. म्हातारीनं डोळे न उघडता माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आयकू द्या ना भाऊ," ती म्हणाली. "आवाज चांगला हाय त्याचा."

माझे हात थांबले. सव्वीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. टाळी कोणीही देतं. टाळी थांबवून ऐकायला मागणारी ही पहिली. पाच. सहा. मैदान गप्प. मी तिच्याकडे वाकून सांगितलं, तो आवाज माझा आहे. तिला ऐकू गेलं नाही. मी परत सांगितलं, जोर लावून. तेवढ्यात भोंग्यातून मी पुढचं वाक्य सुरू केलं, माझ्या भरदार आवाजात, आणि माझ्याच बोलण्याच्या वर बोललो. ती जरा वैतागली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, कमरेच्या चंचीतून एक लवंग काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घसा बसला तुमचा. चघळा हे. बोलू नका."

मी लवंग चघळली. पुढच्या तीन जागांना मी टाळी वाजवली नाही. वाजवू शकलो नाही असं म्हणा. ती ऐकत होती. बाकीचे शूट करत होते. प्रत्येक जागेला राजा हात वर करून उभा राहिला आणि प्रत्येक जागेला हशा मोठा झाला. शेवटच्या वेळी तर घोडाही फुरफुरला आणि त्यालाच त्या दिवसाची एकमेव टाळी मिळाली. मालक किल्ल्याच्या मागून मला बघत होता.  त्यानं फक्त चाचांच्या टेबलाकडे बघून दोन बोटांची कात्री केली.

पुढचा प्रयोग माझ्याच गावी, जऊळक्याला होता. मी गेलो. आता मला काही काम नव्हतं, पण गावातले लोक म्हणाले असते की हा कुठे तोंड लपवून बसला. राजा आला आणि बोलायला लागला. वाक्यामागून वाक्य, वाक्यामागून वाक्य. सिंहासनाचं वाक्य आलं आणि गेलं, पुढचं त्याच्या पाठीवरच येऊन पडलं. कुठे हशा नाही, कुठे अडखळणं नाही, मालक खूश, पहिलवान खूश. मी मात्र ऐकत होतो आणि हा कोण बोलतोय ते मला समजत नव्हतं. इतक्या घाईत मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मागून मालगाडी गेली. तिच्या वर तो आरामात बोलला.

मागच्या आठवड्यात दुपारी बायकोच्या मोबाइलवर चाचांनी काहीतरी पाठवलं. सोबत बोललेला निरोप होता: भाऊ, कापलं पन फेकलं नाही, तुमची अमानत हाय. चार तुकडे. चारही मिळून अर्धं मिनिटही नाही. बायको गव्हातले खडे निवडत बसली होती. तिनं वाजवून पाहिलं, कानाला लावलं, आवाज वाढवला. म्हणाली, यात तर काहीच नाही.

मी मोबाइल घेतला आणि डोळे मिटले, त्या म्हातारीसारखे. काहीच नाही असं नव्हतं. पहिल्या तुकड्यात माझा श्वास होता, लांब, नाकातून घेतलेला. बाहेर रस्त्यावर कुठे तरी ऑटोचा हॉर्न. दुसऱ्यात मी आवंढा गिळतो. तिसऱ्यात, मोजणीतल्या चारच्या आसपास, बारीक खरखर आहे. खोकला दाबून धरल्यासारखी. मी ती पाच-सहा वेळा ऐकली. धूळ नव्हती, थंड पाणी नव्हतं, घोडे तर नव्हतेच. मी हात वर करून टाळीची वाट बघत होतो आणि गाठ टाळीआधीच येऊन घशात बसली होती, आणि चाचांच्या मशीननं तिला टिपलं होतं. तेव्हाच कोणी ऐकलं असतं तर. पण रिकाम्या जागा कोण ऐकतं?

बायकोनं मोबाइल मागून घेतला. त्यात जागा संपत आली आहे, असं तो रोज तिला सांगतो, आणि ती रोज कोणाच्या तरी लग्नाचे फोटो पुसते. तिनं बोट पडद्यावर धरून विचारलं, "हे ठेवू का काढू?"

मी म्हणालो, ठेव.

तिला ऐकू गेलं नाही. ती परत विचारत होती.